कामावर जाणाऱ्या सायकलीची वाट



पुण्यातल्या आपल्या घरांत सध्या एक बोलणे वरचेवर ऐकू येते. मुलगा बारावी किंवा आयटीआय करून कामाला लागतो. पगार बेताचाच असतो. पहिल्याच महिन्यात हप्त्यावर मोटारसायकल घेण्याचा विषय निघतो. अब्बा बसून हिशेब मांडतात: हप्ता, पेट्रोल, विमा, दुरुस्ती. पगाराचा मोठा वाटा कामावर पोहोचण्यातच संपणार असे दिसते. मग कुणीतरी म्हणते, "पाच-सहा किलोमीटरच तर आहे, सायकलने जा की." मुलगा कधी तयार होतो, कधी तोंड वाकडे करतो. पण अम्मीचा जीव मात्र लगेच खालीवर होतो. "त्या रस्त्याने सायकल? तिथले ट्रक बघितलेस का?"

आम्हांला वाटते, या सगळ्या बोलण्यात सर्वांत मोलाचा प्रश्न अम्मीचा आहे. सायकल चांगली की वाईट यावर पुष्कळ बोलणे होते. तब्येतीला चांगली, खिशाला चांगली, हवेला चांगली, हे आता सर्वांनाच ठाऊक आहे. पण जायचे कोणत्या रस्त्याने, हे फारसे कुणी विचारत नाही. उत्साहाने घेतलेली सायकल दोन महिन्यांत जिन्याखाली जाऊन पडते, ती पाय दुखतात म्हणून क्वचितच. एखाद्या चौकात ट्रक अंगावरून गेल्यासारखा वाटतो, दुसऱ्या दिवशी मन कचरते आणि सायकल सुटते. ही भीती खोटी नसते. म्हणून या महिन्याच्या सदरात कोणती सायकल घ्यावी हे न सांगता तिची वाट कशी शोधावी, हे पाहू.

आधी थोडे मागचे

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातला कामगार असो, पेठेतला शिक्षक असो की कॅम्पातल्या दुकानातला कारागीर असो, सायकल हेच त्याचे वाहन. तासावर भाड्याने सायकल देणारी दुकाने गल्लोगल्ली होती. त्या काळी सायकलस्वाराला वाट शोधावी लागत नसे. सायकलींचीच गर्दी एवढी असे की बाकीची वाहने तिला सांभाळून चालत. पुढे स्कूटर आणि मोटारसायकली वाढल्या, मग मोटारी वाढल्या, रस्ते रुंद झाले आणि वेगही वाढला.

२००६ च्या अखेरीस कात्रज, स्वारगेट, हडपसर या पट्ट्यात बीआरटीचा पहिला प्रयोग सुरू झाला. त्या कामात रस्त्याच्या कडेने सायकलमार्गही आखले गेले. त्यांतले काही तुकडे आजही वापरता येतात. बाकीच्या ठिकाणी कुठे गाड्या उभ्या असतात, कुठे टपरी असते, तर कुठे मध्येच विजेचा खांब येतो. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने साऱ्या शहरासाठी सायकल आराखडा मंजूर केला. आराखडा चांगला आहे. पण ज्याला उद्या सकाळी नऊला कामावर हजर व्हायचे आहे, त्याला तो पूर्ण होईपर्यंत थांबता येत नाही. त्याला आहे त्याच शहरातून आपली वाट जोडून घ्यावी लागते.

'जोडून' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. चांगली वाट घरापासून कामापर्यंत सलग सापडत नाही. अर्धा किलोमीटर गल्ली, मग एक चौक, मग सोसायट्यांमधला रस्ता, मग थोडा मोठा रस्ता, असे तुकडे एकमेकांना जोडावे लागतात. बहुतेक जण हे करत नाहीत. बस ज्या रस्त्याने जाते किंवा शेजाऱ्याची मोटारसायकल ज्या रस्त्याने जाते, तोच रस्ता ते सायकललाही घेतात, कारण तोच माहीत असतो. पण तो रस्ता वेगाने जाणाऱ्यांसाठी आहे. सायकलला कमी वेगाचा रस्ता हवा.

आधी कागदावर

मोबाइलच्या नकाशात पत्ता घातला की तो बहुधा मोटारीचा रस्ता दाखवतो. त्याऐवजी 'चालत' हा पर्याय निवडून पाहावा. मग गल्ल्याबोळ, वसाहतींमधले जोडरस्ते, नाल्यावरचे छोटे पूल असे पुष्कळ काही दिसू लागते. यात दोन गोष्टींची काळजी घ्यावी. एक, पायी रस्त्यात मध्येच पायऱ्या किंवा बंद फाटक निघू शकते. दुसरी, पायी जाणाऱ्याला एकेरी वाहतुकीचा नियम नसतो, सायकलला असतो. उलट दिशेने येणारी सायकल समोरच्याला अपेक्षित नसते, त्यामुळे अंतर वाचले तरी तो रस्ता सोडून द्यावा.

मग एका मोठ्या कागदावर घर आणि कामाची जागा मांडून मधले रस्ते काढावेत. घरातल्या मुलांना या कामाला बसवले तर ती हौसेने करतात. जिथे ट्रक, बस आणि वेग आहे तो रस्ता लाल. शांत गल्ली असेल तर हिरवी. मोठा रस्ता ओलांडावा लागतो तिथे गोल. चढ असेल तिथे बाण. एवढे झाले की कागद आपोआप बोलू लागतो. हिरवे तुकडे जास्तीत जास्त, गोल कमीत कमी आणि लाल नाइलाजापुरता, अशी वाट काढायची.

वाट लांबते याची फार चिंता करू नये. शहरात साधी सायकल ताशी बारा ते पंधरा किलोमीटरने चालते. म्हणजे सहा किलोमीटरांना अर्धा तास. वाट एका किलोमीटरने लांबली तर चार-पाच मिनिटे जास्त लागतात. जिवाच्या सुरक्षिततेसाठी चार-पाच मिनिटे काही जास्त नाहीत.

चढाचा विचार मात्र नीट करावा. मोटारीत बसलेल्याला जो चढ जाणवतही नाही, तो सायकलवर दम काढतो. घामाघूम होऊन कामावर पोहोचणे कुणालाच आवडत नाही. छोटा पण खडा चढ आणि लांब पण मंद चढ यांत निवड करायची झाली तर मंद चढ घ्यावा. घर उंचावर आणि काम खाली असेल तर सकाळी उतार मिळतो, ही चांगली गोष्ट. संध्याकाळी चढताना घाई नसते. फार दम लागला तर उतरून सायकल हातात घेऊन चालावे, त्यात कमीपणा काहीच नाही.

कोंढव्याहून कॅम्पात

उदाहरण म्हणून कोंढव्याहून कॅम्पात जाण्याची वाट घेऊ. पुण्यातल्या आपल्या कित्येक वाचकांची ही रोजची ये-जा आहे. ज्योती चौकापासून पूलगेटपर्यंत अंतर पाच किलोमीटरांच्या आसपास भरते. म्हणजे सायकलला अगदी योग्य. एका रविवारी आणि नंतर कामाच्या दिवशी आम्ही या बाजूचे रस्ते सायकलवरून पाहिले.

पहिली वाट सर्वांच्या माहितीची: कोंढवा रस्त्याने लुल्लानगर, तिथून गोळीबार मैदान आणि मग पूलगेट. सरळ, सर्वांत जवळची आणि जाताना बहुतेक उताराची. अडचण वेगाची आहे. उतारावर सगळ्याच गाड्या सुसाट असतात आणि आपली सायकलही नकळत वेग घेते. लुल्लानगरच्या चौकात उड्डाणपूल आहे. सायकलवाल्याने उड्डाणपूल टाळावा, हा नियम शहरातल्या कोणत्याही पुलाला लागू आहे. पुलावर कडेला जागा नसते, मागून येणारा वेगात असतो आणि वेळ आली तर बाजूला व्हायला ठिकाण नसते. खालून जावे, दोन मिनिटे सिग्नलला थांबावे.

दुसरी वाट साळुंके विहार रस्त्याने वानवडीत उतरते. तिथून शिवरकर रस्त्याने फातिमानगर, मग सोलापूर रस्त्याने रेसकोर्सवरून पूलगेट. ही थोडी लांब पडते. पण वानवडीत मुख्य रस्ता सोडून सोसायट्यांमधून बरेच अंतर काढता येते. अवघड जागा दोन: फातिमानगरचा चौक आणि त्यापुढचा सोलापूर रस्ता. हडपसरकडची सारी वाहतूक त्याच रस्त्याने शहरात येते. इथे सकाळी आठच्या आधी आणि नऊनंतर यांत फार फरक पडतो. वानवडी आणि कॅम्प यांच्यामधले लष्करी हद्दीतले रस्ते झाडीचे आणि शांत आहेत, पण तिथले एखादे फाटक केव्हा बंद मिळेल याचा भरवसा नसतो. रोजची वाट त्यावर अवलंबून ठेवू नये.

तिसरी वाट गंगाधाम आणि मार्केट यार्डावरून. ज्यांचे काम भवानी पेठ, नाना पेठ किंवा गंज पेठेत आहे, त्यांना ती जवळची वाटते. सायकलसाठी आम्ही ती सुचवणार नाही. आईमाता मंदिराकडून गंगाधाम चौकाकडे येणारा रस्ता खड्या उताराचा आहे, आणि मार्केट यार्डामुळे मालाचे ट्रक तिथे येतच राहतात. उतार, ट्रक आणि चौक यांपैकी एखाद्या गोष्टीशी जमवून घेता येते. तिन्ही एकाच ठिकाणी आल्या की सायकलवाल्याच्या हाती काही उरत नाही. कात्रज-कोंढवा रस्त्याबद्दलही आमचे हेच म्हणणे आहे.

मग घ्यायची कोणती? आमच्या मते जाण्याची वाट वेगळी आणि येण्याची वेगळी. सकाळी लवकर निघाल्यास पहिली वाट चालते, कारण उतारावर सायकल आणि बाकीच्या गाड्या यांच्या वेगात फार अंतर नसते. फक्त हात ब्रेकवर हवा. संध्याकाळी तीच वाट धोक्याची होते. चढावर सायकल पायी चालणाऱ्याहून थोडी पुढे जाईल इतकीच सरकते, आणि मागून येणाऱ्या गाड्या मात्र त्याच वेगात असतात. वेगांतली ही तफावत हाच रस्त्यावरचा खरा धोका आहे. म्हणून परतताना वानवडीच्या बाजूने यावे. तिथे आतल्या रस्त्यांवर गाड्यांचा वेग कमी असतो आणि दम लागला तर थांबायलाही जागा मिळते.

तुमचे गाव, तुमचा रस्ता वेगळा असेल. पण पद्धत हीच: प्रत्येक वाटेची अवघड जागा कोणती ते ओळखायचे, आणि ती टाळता येते का ते पाहायचे. काम फारच दूर असेल, म्हणजे कोंढव्याहून पिंपरी-चिंचवडकडे जायचे असेल, तर सगळे अंतर सायकलने काढण्याचा हट्ट नको. सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो स्वारगेटपर्यंत आली आहे. स्वारगेटपर्यंत सायकल आणि पुढे मेट्रो, अशी जोडी जमू शकते. सायकल कुलूप लावून सुरक्षित कुठे ठेवता येईल, ती जागा मात्र आधी पाहून ठेवावी.

चौक कसा पार करावा

वाट कितीही चांगली निवडली तरी दोन-चार चौक येतातच. बहुतेक धोका तिथेच असतो. म्हणून हे सावकाश वाचावे आणि कामावर जाणाऱ्या मुलाला वाचून दाखवावे.

आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे डावीकडे वळणे सोपे आणि उजवीकडे वळणे अवघड. मोठ्या चौकात उजवीकडे वळायचे असेल तर रस्त्याच्या मध्यभागी जाऊन थांबू नये. आधी सरळ जाऊन चौक पार करावा, पलीकडच्या कोपऱ्यात डाव्या बाजूला थांबावे, सायकल उजवीकडे फिरवावी आणि त्या दिशेचा सिग्नल मिळाला की पुन्हा सरळ निघावे. एका वळणाचे दोन सरळ टप्पे होतात, एवढेच. चौक फारच भीतिदायक असेल तर उतरून झेब्रा क्रॉसिंगवरून सायकल हातात धरून न्यावी.

दुसरी गोष्ट ट्रक, बस, टँकर, डंपर यांची. सिग्नलला ट्रक थांबलेला असतो, त्याच्या डाव्या बाजूला आणि फूटपाथच्या मध्ये सायकल जाईल इतकी फट दिसते. त्या फटीत कधीही शिरू नये. ड्रायव्हर उंचावर आणि उजव्या बाजूला बसलेला असतो. त्याच्या डाव्या कुशीला असलेली सायकल त्याला दिसत नाही. तो डावीकडे वळू लागला की मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून येतात आणि ती फट नाहीशी होते. ट्रकच्या मागेच थांबावे, चांगले दोन-तीन हात सोडून. त्याला आधी जाऊ द्यावे. मुलाला या लेखातले दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, एवढे राहिले पाहिजे.

तिसरी गोष्ट उभ्या मोटारींची. कडेला लावलेल्या मोटारींना चिकटून सायकल चालवू नये. कुणी एकदम दार उघडले की सायकल थेट त्यावर आदळते. हातभर तरी अंतर ठेवून, सरळ रेषेत चालवावी. दोन मोटारींच्या मध्ये आत-बाहेर करत गेले की मागच्याला आपला अंदाज येत नाही.

रविवारी एकदा, कामाच्या दिवशी एकदा

कागदावरची वाट कितीही छान दिसली तरी चालवून पाहिल्याशिवाय तिच्यावर शिक्कामोर्तब करू नये. पहिली फेरी रविवारी फजरच्या नमाजनंतर करावी. रस्ते रिकामे असतात, हवा थंड असते, आणि खड्डे, चेंबर, गटाराच्या जाळ्या सगळे नीट दिसते. काही जाळ्यांच्या पट्ट्या रस्त्याच्याच दिशेने बसवलेल्या असतात. सायकलचे बारीक चाक त्यांत अडकू शकते. रेल्वेचे रूळ ओलांडायचे असतील तर ते तिरके न ओलांडता काटकोनात ओलांडावे लागतात. अशा जागा मनात नोंदवून ठेवाव्यात.

दुसरी फेरी कामाच्या दिवशी, कामाच्याच वेळी. रविवारी जी गल्ली निर्मनुष्य असते, तिथे सोमवारी सकाळी शाळेच्या व्हॅन आणि रिक्षांची झुंबड असू शकते. शाळा सुटण्या-भरण्याची वेळ, भाजी मंडईची वेळ, शहरात अवजड वाहनांना मुभा मिळण्याची वेळ या तीन वेळा पाहून घेतल्या की दहा मिनिटे लवकर निघावे की उशिरा, हे ठरवता येते. कित्येकदा वाट बदलावीच लागत नाही, फक्त वेळ बदलली की तोच रस्ता निवळतो.

विचारपूसही करावी. नकाशाला जे ठाऊक नसते ते पेपर टाकणाऱ्या पोराला, दूधवाल्याला, पोस्टमनला आणि रात्रपाळी करून सायकलने परतणाऱ्या वॉचमनला ठाऊक असते. कुठले फाटक सकाळी उघडे असते, कुठल्या गल्लीत कुत्री मागे लागतात, कुठे पंक्चरवाला सकाळी आठलाच बसतो, हे तेच सांगू शकतात.

आणि एका फेरीला घरातले कुणी मोठे माणूस सोबत असावे. अम्मीला सायकल येत नसेल तर रिक्षाने जाऊन तो एक अवघड चौक तिने पाहावा. मुलगा तिथे कसा थांबतो, कसा पार करतो, हे डोळ्यांनी पाहिले की रोजची धास्ती पुष्कळ कमी होते. आणि तिला तो चौक पटला नाही, तर वाट बदलावी. ज्या वाटेने गेल्यावर घरी कुणाचा जीव टांगणीला लागतो, ती वाट अजून पक्की झालेली नाही, असे समजावे.

पाऊस, रात्र आणि रमजान

पावसाळ्याची वाट वेगळी असते. साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहे की उघडे चेंबर, हे कळत नाही, म्हणून पाण्यातून सायकल घालू नये. पेव्हर ब्लॉक आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले झाले की निसरडे होतात. नदीवरचे सखल पूल खडकवासल्यातून पाणी सोडले की वाहतुकीला बंद होतात. अशा पुलावरून रोज जाणाऱ्याने दुसरा पूल आधीच ठरवून ठेवावा. ओले ब्रेक उशिरा लागतात, तेव्हा उताराची वाट पावसात टाळलेली बरी.

रात्रीचा विचार दिवसाच्या उलट करावा लागतो. दिवसा शांत असलेली गल्ली रात्री सुनसान होते. अशा वेळी दिवे असलेला, माणसांची वर्दळ असलेला रस्ता थोडा गजबजलेला असला तरी चांगला. पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा, आणि चाकांना व पेडलांना रिफ्लेक्टर, हा खर्च टाळू नये. आपल्याला रस्ता दिसतो म्हणजे दुसऱ्याला आपण दिसतो, असे नाही.

रमजानमध्ये एक गोष्ट विशेष जपावी. इफ्तारच्या आधीची वीस-पंचवीस मिनिटे रस्त्यावर सर्वांत धोक्याची. प्रत्येकाला घर गाठायचे असते, पोट रिकामे, डोके जड, आणि सिग्नल कुणी पाहत नाही. कामावरून तासभर आधी सुटता आले तर उत्तम. नाही तर कामाच्याच ठिकाणी किंवा वाटेतल्या मशिदीत रोजा सोडून, मगरिब अदा करून निवांत निघावे. पिशवीत चार खजूर आणि पाण्याची बाटली असली की घाईचे कारणच उरत नाही. उन्हाळ्यात रमजान आला तर दुपारचा चढ सायकलने काढू नये. त्या महिन्यापुरती बस धरली तरी काही बिघडत नाही.

सणावाराचे दिवसही कॅलेंडरवर खुणा करून ठेवावेत. आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात येतात तेव्हा नाना पेठ आणि भवानी पेठेत मुक्काम असतो आणि पुढे सोलापूर रस्त्याने प्रस्थान होते. गणेश विसर्जनाच्या दिवशी मध्यवस्ती बंद असते. ईद-ए-मिलादच्या जुलूसच्या दिवशी कॅम्प आणि पेठांतले रस्ते वळवले जातात. असे दिवस वर्षात मोजकेच असतात. त्या दिवशी चालत जावे किंवा दुसऱ्या बाजूने जावे.

आपल्या भगिनींसाठी

शिवणवर्गात, दवाखान्यात, शाळेत, दुकानात काम करणाऱ्या पुष्कळ भगिनींचे काम घरापासून दोन-तीन किलोमीटरांवर असते. रिक्षा परवडत नाही, बसला दोनदा थांबावे लागते. त्यांच्यासाठी सायकल खरोखर सोयीची आहे. आडवी दांडी नसलेली लेडीज सायकल घ्यावी, तिला पूर्ण चेन-कव्हर आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी बसवून घ्यावी. बुरखा, अबाया किंवा ओढणी चाकात अडकून होणारे अपघात या दोन साध्या वस्तूंनी टळतात. बुरख्याचा घेर निघण्यापूर्वी क्लिपने आवरून घ्यावा. नकाब घेणाऱ्यांनी तो असा बांधावा की बाजूचे दिसायला अडथळा होणार नाही, आणि वळताना मान पूर्ण फिरवून पाहण्याची सवय ठेवावी.

भगिनींच्या वाटेत आणखी एक गोष्ट पाहावी: ओळखीची माणसे. मैत्रिणीचे घर, ओळखीचे मेडिकल, नात्यातल्या खालाचा दरवाजा. सायकल पंक्चर झाली किंवा कुणी त्रास दिला तर थांबता येईल असे दोन-तीन ठिकाणे वाटेत असली पाहिजेत. दोघी-तिघींनी मिळून जाणे तर सर्वांत चांगले. एकटी सायकल गर्दीत दिसत नाही, तीन सायकली दिसतात.

वाट सापडल्यावर

सापडलेली वाट आपल्यापुरती ठेवू नये. कागदावरचा तो नकाशा नीट उतरवून घ्यावा: कुठे वळायचे, कुठे उतरून चालायचे, पंक्चरवाला कुठे, पाणी कुठे. मशिदीच्या आवारात, शिकवणीच्या वर्गात, मोहल्ल्यातल्या वाचनालयात तो लावावा. आज आपल्या एका मुलासाठी जोडलेली वाट पुढच्या वर्षी कामाला लागणाऱ्या चार मुलांच्या उपयोगी पडेल.

शिवाय, आपण रोज ज्या रस्त्याने जातो त्याची निगा थोडी आपल्यावरही असते. वाटेतला काटा-दगड बाजूला करण्याची शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे. आजच्या रस्त्यावर ते काम म्हणजे फुटलेल्या काचा कडेला सारणे, उघड्या चेंबरवर खूण लावणे आणि त्याची तक्रार नोंदवणे. पुण्यात महापालिकेच्या 'पीएमसी केअर' अ‍ॅपवर फोटोसह तक्रार करता येते. क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घेता येते. "रस्ता खराब आहे" असे मोघम लिहू नये. अमुक दुकानासमोरची जाळी उभ्या पट्ट्यांची आहे, ती आडवी बसवावी, असे नेमके लिहावे. एकाच जागेबद्दल दहा जणांचे अर्ज गेले तर त्यांना वजन येते.

मालेगाव, सोलापूर, मिरज, भिवंडी, छत्रपती संभाजीनगर, रत्नागिरी येथल्या वाचकांनी आपापल्या गावच्या वाटा आम्हांला जरूर लिहून पाठवाव्यात. कोणत्या चौकापासून कोणत्या कारखान्यापर्यंत, कुठे चढ, कुठे ट्रक, कोणती गल्ली चांगली, एवढे लिहिले तरी पुरे. निवडक वाटा पुढच्या अंकांत या सदरातून देऊ, इन्शाअल्लाह. येत्या रविवारी कागद-पेन्सिल घेऊन बसा, आणि सोमवारी ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी निघा.